कार्पच्या हंगामातली स्टील गिटार

परवा ऑफिसातून सायकलने घरी येताना कोपऱ्यावरच्या खानावळीच्या दारात पाटी दिसली : 'आजपासून कार्प.' खडूने लिहिलेली, शेजारी बटाट्याला शेपूट फुटल्यासारखं माशाचं चित्र. जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनच्या पश्चिमेला सगळा तळ्यांचा मुलूख आहे. उन्हाळाभर त्या तळ्यांत कार्प पोसतात. शरद आला की पाणी सोडून देतात आणि माणसं मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात उतरतात, मासे गोळा करतात. ज्या महिन्यांच्या नावात 'र' आहे तेवढेच महिने हा मासा खायचा, असा इथला रिवाज. सप्टेंबर ते एप्रिल. मे उजाडला की पाट्या उतरतात.

माझा नवरा संदीप मालवणचा. गोड्या पाण्यातला मासा खाणं त्याला कमीपणाचं वाटतं. "चिखल तळतात आणि वर बटाट्याचं सॅलड देतात," असं तो म्हणतो. तरी पाटी लागली की तोच विचारतो, "शनिवारी जायचं का?" आणि मी काहीतरी कारण काढते. परवाही काढलं. मला तो मासा आवडतो. त्याचे कुरकुरीत तळलेले कल्ले तर फारच आवडतात. पण त्या तळणीचा वास आला की मला एक जुना शरद आठवतो, आणि तो कोणता हे संदीपला ठाऊक आहे. म्हणून तो जास्त विचारत नाही.

दोन हजार चौदाचा शरद. इतकी सुखी मी आयुष्यात फार थोड्या वेळा झाले असेन. तेच तर खुपतं.

त्या आधीच्या वर्षी आम्ही एका दुमजली घरात राहायला आलो होतो. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण : डॉक्टर गिझेला, निवृत्त दंतवैद्य, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. उंच, ताठ, कापलेले पांढरे केस. पहिल्याच दिवशी त्यांनी हाऊसऑर्डनुंग, म्हणजे घराच्या नियमांची यादी, हातात दिली. रविवारी रूहेत्साइट, म्हणजे दिवसभर शांतता, कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आमची इरा तेव्हा सात वर्षांची. रविवारी ती घरात मोजे घालून चालायची, इतका आम्ही धसका घेतला होता.

आणि अशाच एका रविवारी दुपारी खालून आवाज आला. मी भाजी चिरत होते, सुरी हातातच राहिली. तारेवरून काहीतरी घसरत वर गेलं, सुरापाशी पोचता पोचता थबकलं, मग पोचलं. आपल्याकडे जिला मींड म्हणतात तीच. मला एकदम साताऱ्याचे माझे अण्णाकाका आठवले. ते तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात हवायन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात लोखंडी कांडी, समोर लग्नाचा मांडव. सिनेमातली गाणी ते तारेवर अशी 'गायचे' की जेवणाच्या पंगतीतली माणसं घास हातात धरून बसायची.

मी तशीच खाली गेले आणि दार वाजवलं. गिझेलाबाईंनी दार उघडलं, पडलेल्या चेहऱ्याने.

"आवाज फार झाला का? माफ करा. मीच नियम केलाय आणि मीच मोडते."

"नाही," मी म्हटलं. "परत वाजवाल का, असं विचारायला आले होते."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. सुरी अजून हातातच होती. मग त्या मोठ्याने हसल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

ते वाद्य चार बारीक पायांवर उभं होतं, इस्त्रीच्या टेबलासारखं. सहा तारा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात काड्यापेटीएवढी, पण जड पोलादी कांडी. तार खाली दाबायची नाही, कांडी नुसती टेकवायची आणि सरकवायची. हिला स्टील गिटार म्हणतात, हवाईहून अमेरिकेत आली, आणि तिथून एका वेगळ्याच लोकांच्या संगीतात शिरली, असं त्यांनी मला सांगितलं. ते लोक केजन. कॅनडातून हाकलून दिलेले फ्रेंच बोलणारे गरीब लोक, अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत जाऊन राहिले. शनिवारी नाचायचे. अकॉर्डियन, फिडल म्हणजे व्हायोलिन, लोखंडी त्रिकोण आणि पुढे ही गिटार.

"आणि हे तुम्ही इथे, एर्लांगेनमध्ये?"

"इथे अमेरिकन सैनिकांची छावणी होती. मी विद्यार्थिनी होते तेव्हा लुइझियानाचा एक सैनिक आमच्याकडे यायचा. त्याने शिकवलं."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "नाही, तसं काही नव्हतं. त्याला सारखी भूक लागायची आणि माझी आई कार्प छान तळायची."

त्या दिवशी निघताना त्यांनी मला 'झी' सोडून 'दू' म्हणायला सांगितलं, म्हणजे अहो सोडून अगं. जर्मनमध्ये मी त्यांना दू म्हणू लागले. मनातल्या मराठीत मात्र त्या कायम अहोच राहिल्या. आईच्या वयाच्या बाईला एकेरी हाक मारताना माझी जीभ आजही किंचित अडखळते.

मग मी शिकू लागले. मी मेडिकल टेक्नॉलॉजीतली इंजिनिअर, दिवसभर स्कॅनिंग मशीनच्या सिग्नलमधली खरखर काढायचं काम. लहानपणी चार-पाच वर्षं गाणं शिकले होते, तेवढीच पुंजी. पण कान तयार होता आणि या वाद्यात कानाशिवाय चालतच नाही. गिटारीवरच्या पट्ट्या नुसत्या खुणेपुरत्या असतात. कांडी केसभर इकडे-तिकडे झाली की सूर बेसूर.

गिझेलाबाईंच्या दोन जुळण्या होत्या. तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झसाठी त्या तारा साध्या मेजर कॉर्डात, म्हणजे नुसत्या सा, ग, प वर लावायच्या. सगळ्या तारांवर एकदम कांडी टेकवली की नितळ, उघडा, भुकेल्यासारखा आवाज यायचा. त्या सैनिकाची जुळणी तीच. नाचाच्या जलद गाण्यांसाठी मात्र त्या त्यात सहावा सूर घालायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर तारा सा, ग, प, ध आणि वर पुन्हा सा, ग. अण्णाकाकांना मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "अगं, आम्हीही साध्या मेजरमध्येच लावायचो. ध घातला की गाणं हसायला लागतं. रडकं गाणं असलं की ध काढायचा!" साताऱ्यातले काका आणि लुइझियानाचा सैनिक एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचं एकमत होतं.

अकॉर्डियन एकाच पट्टीत बांधलेलं, दहा बटणांचं. ते काही कुणासाठी वाकत नाही. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं. गिझेलाबाईंचा एक छोटा केजन बँड होता, त्यात ते नॉर्बर्ट वाजवायचा. त्याचं सायकलींचं दुकान होतं आणि लुइझियानातली जुनी अकॉर्डियनं मुळात जर्मनीहून गेलेली, हे तो कुणालाही सांगायचा, विचारलं नसलं तरी. त्याची बायको आनेटे फिडल वाजवायची आणि फ्रेंचमध्ये गायची. ऋतूभर, म्हणजे कार्प असेतो, दर शनिवारी तळ्यांच्या गावातल्या एका खानावळीच्या मागच्या हॉलमध्ये हे लोक वाजवायचे. आधी मासा, मग नाच.

गिझेलाबाई शिकवायच्या ते हातापेक्षा रीत जास्त. "आनेटे गात असताना तू गप्प. तिची ओळ संपली, तिने श्वास घेतला, की तेवढ्यात दोन सूर. ती परत आली की बाजूला हो." किंवा, "सुरावर थेट जाऊन बसू नकोस. खालून नीघ. वाटेत असताना लोकांना वाटलं पाहिजे की ही पोचते की नाही." टू-स्टेपच्या जलद नाचात तारा छेडून लगेच हाताने मिटायच्या, म्हणजे ताल कापल्यासारखा पडतो. आणि कधीतरी एका फेरीत अकॉर्डियन थांबतं, फिडल थांबतं, सगळी सुरावट स्टीलच्या वाट्याला येते. "ती फेरी तुझी. तेव्हा मात्र लाजायचं नाही."

थरथर मला आधी ऐकू आली, दिसली नंतर.

सूर लांबवताना कांडी किंचित हलवायची, म्हणजे आवाजाला कंप येतो. तो या वाद्याचा अलंकारच. त्यामुळे त्या उन्हाळ्यात गिझेलाबाईंचा कंप वाढला तेव्हा नॉर्बर्टला वाटलं, बाई रंगात आल्या. पण अलंकार जिथे हवा तिथेच येतो. हा नको तिथेही येत होता, दोन सुरांच्या मध्ये, कांडी उचलून ठेवतानाही. तारेवर पोलाद खडखडायचं. मी दिवसभर सिग्नल आणि खरखर वेगळी करणारी बाई. मला कळलं नसतं तर नवल. मी काही बोलले नाही. पण त्या दंतवैद्य होत्या, त्यांचे हात हेच त्यांचं आयुष्य, त्यांना माझ्या आधीच कळलेलं असणार.

हंगामाचे पहिले दोन-तीन शनिवार त्यांनी वाजवलं. मग एका संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. समोर एक वॉल्ट्झ वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग कांडी ठेवून विचारलं, "ऐकू येतं का तुला?"

'काय विचारतेस?' असं मी म्हणू शकले असते. नाही म्हणू शकले असते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण डॉक्टरांकडे पाहतो.

"हो," मी म्हटलं. "येतं."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं त्या म्हणाल्या. एवढंच. मग उठून चहा केला. कप आणताना त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नॉर्बर्टला फोन केला आणि सांगितलं की आता मी थांबते, वरच्या मजल्यावरची बाई वाजवेल. मला त्यांनी विचारलं नाही. नॉर्बर्टने विचारलं. "आल्झो, तर मग, येत्या शनिवारी हॉल भरलेला आहे. तुला जमेल?"

मी जरा थांबले. चांगलं दिसावं म्हणून थांबले. आतून केव्हाच हो म्हटलं होतं.

त्या शरदाबद्दल मला जे सांगायचंय ते हे, आणि ते सांगणं अवघड आहे. मी कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. संदीप म्हणतो, "तू खरं सांगितलंस. खोटं सांगितलं असतंस तर चार महिन्यांनी लोकांनी सांगितलं असतं, तेही पाठीमागे." बरोबर आहे. पण त्या पहिल्या शनिवारी मी त्यांच्या खुर्चीवर, त्यांच्या वाद्यासमोर बसले. हॉलमध्ये तळणीचा वास, बिअर, ओल्या कोटांचा वास. नॉर्बर्टने पाय आपटून ताल दिला आणि सगळी मंडळी एकदम उठली. म्हातारी जोडपी, आसपासचे शेतकरी, एर्लांगेनहून सायकलने आलेले विद्यार्थी, सगळे गोल फिरू लागले. मग आनेटेचा श्वास आला आणि मी माझे दोन सूर टाकले, आणि समोरून नाचत जाणाऱ्या एका बाईने डोळे मिटले. माझ्या दोन सुरांनी. मला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली.

जर्मनीत येऊन आम्हाला सात-आठ वर्षं झाली होती. कामाच्या ठिकाणी माझा मान होता, शेजारी चांगले होते, गणपतीला न्यूरेंबर्गला जमणारी मराठी मंडळी होती. पण या देशातल्या गर्दीत माझ्यावाचून कुणाचं अडतंय असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या हॉलमध्ये वाटलं. आनेटे श्वास घेताना माझ्याकडे बघायची, माझी वाट बघायची.

आणि पुढच्याच टेबलाशी गिझेलाबाई बसलेल्या असायच्या. समोर अर्धा कार्प. उजव्या हाताने खात, डावा हात टेबलाखाली.

तेव्हापासून मी जिन्यात त्यांना भेटले की हात कोटाच्या खिशात घालू लागले. ठरवून नाही, आपोआप. त्यांच्यासमोर इराचे बूट बांधायची वेळ आली तर मी पाठ करून बांधायची. धडधाकट हात म्हणजे जणू काही लपवायची गोष्ट. त्यांनी विचारलं, "शनिवार तुला कसा वाटला?" तर मी म्हणायचे, "ठीक. तुझ्यासारखं नाही." खरं म्हणजे छान झालेला असायचा. कधी कधी इतका छान की घरी येऊन मला तासभर बोलावंसं वाटायचं. पण खालच्या मजल्यावर दिवा दिसला की मी आवाज बारीक करायची. आनंदाचाही आवाज होतो, असं मला वाटायचं.

त्यांच्याबद्दलचा आदर म्हणून मी सगळं त्यांच्याचसारखं वाजवायचे. त्यांचीच जुळणी, त्यांच्याच जागा, त्यांच्याच हरकती. कुठे त्या सुराआधी अर्धा क्षण थांबायच्या, तिथे मीही थांबायची. मला वाटायचं, खुर्ची त्यांची आहे, मी नुसती राखतेय.

नाताळनंतर त्या यायच्या थांबल्या. आधी सर्दीचं कारण, मग बर्फाचं. जानेवारीत तळी गोठली आणि हॉल आणखी भरू लागला. दर शनिवारी पुढचं टेबल कुणीतरी दुसरं घ्यायचं. इरा एकदा त्यांच्याकडे लेबकूखन, म्हणजे मसाल्याची जर्मन बिस्किटं, द्यायला गेली आणि परत येऊन मला जर्मनमध्ये म्हणाली, "गिझेला म्हणाली, मम्माला सांग, मी रागावलेली नाही." मी मराठीत विचारलं, "मग काय झालंय असं म्हणाली का?" तिने खांदे उडवले. "सी हाट नुअर गेझाग्ट, निश्त बोएझ." रागावलेली नाही, एवढंच म्हणाली.

न विचारता कुणी रागावलो नाही म्हणतं तेव्हा काय समजायचं? मी आठवडाभर डाळ करपवली, मीटिंगमध्ये दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं दिली. शेवटी एका रविवारी पुरणपोळ्या करून डबा घेऊन खाली गेले.

त्यांनी डबा घेतला, बसायला सांगितलं. मी सुरुवात केली. माफीच मागायची होती, कशाची ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, "गिझेला, मला माहीत आहे की हे सगळं तुझं होतं. मला फार अपराधी—"

"थांब," त्या म्हणाल्या. "मी इराला खोटं सांगितलं. मला तुझा राग येतो. तुझा दोष काही नाही, तरी येतो. आणि तू असा चेहरा करून डबे घेऊन आलीस की आणखी येतो."

मी डब्याकडे पाहिलं.

"तुला ठाऊक आहे मी का येत नाही? तू वाईट वाजवतेस म्हणून नाही. तू मी वाजवायचे ते वाजवतेस. एकेक जागा. मी तिथे बसून मासा खाते आणि मला मीच ऐकू येते, थरथर नसलेली. हे कुणाला सहन होईल?"

"मला वाटलं, तुझा मान..."

"मी मेलेली नाही. माझा पुतळा कशाला करतेस?" त्यांचा डावा हात आता टेबलावरच होता, टेबलावरचे चमचे त्याने हलत होते, आणि त्यांनी तो झाकला नाही. "आणि दुसरं सांगते. वॉल्ट्झमध्ये तू सुराला उशिरा पोचतेस. मी शिकवलं होतं तसं नाही. तुला पोचायची लाज वाटते म्हणून. लोकांना ते दुःख वाटतं, टाळ्या वाजवतात. मला कळतं, ते दुःख नाही. ती नुसती सभ्यता आहे."

मी रडले. त्यांनी थोपटलं नाही. पुरणपोळी मात्र खाल्ली, कोरडीच, आणि म्हणाल्या, "हे गोड असेल असं मला वाटलं नव्हतं."

वर येऊन मी संदीपला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग स्वतःसारखं वाजव की."

"माझ्यासारखं म्हणजे कसं, तेच तर मला माहीत नाही."

"मग आधी त्यांच्यासारखं वाजवणं बंद कर. उरेल ते तुझं."

त्या आठवड्यात मी वाद्य वर आणायची परवानगी मागितली. त्यांनी दिली. मी तारांशी खेळू लागले. सगळ्यात वरची ग ची तार उतरवून रे वर आणली. आता तारा झाल्या सा, ग, प, ध, सा, रे. लहानपणी पहिल्यांदा शिकलेला भूप हाताखाली आला. सगळ्या तारा एकदम छेडल्या तर वरच्या दोन एकमेकींना टोचायच्या, अकॉर्डियनशी भांडायच्या. ते टाळून, एकेरी तारेवर, खालून वर जाताना मधेच कुठे थबकायचं हे नव्याने शोधावं लागलं. नव्या जुळणीच्या पहिल्या शनिवारी मी सपशेल फसले. दोन फेऱ्या चुकल्या. नॉर्बर्टने अकॉर्डियनवरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू चालत्या सायकलची साखळी गळून पडली. दुसऱ्या शनिवारी आनेटे म्हणाली, "तू आधी काय वाजवायचीस ते मला माहीत असायचं. आता घाबरायला होतं." थांबून म्हणाली, "पण ऐकावंसं वाटतं."

एप्रिलचा शेवटचा शनिवार. कार्प संपत आलेले, खानावळीचा मालक उरलेले मासे मोठ्या मनाने वाढत होता. मी गिझेलाबाईंना या म्हणून सांगितलं नव्हतं. विनवण्या पुरे झाल्या होत्या. पण वाजवायला बसले तेव्हा दाराजवळच्या टेबलाशी त्या दिसल्या, कोट अंगातच, जणू कधीही उठून जाता यावं म्हणून.

वॉल्ट्झ आली. आनेटे गायली, मी तिच्या श्वासांत माझं वाजवलं. मग अकॉर्डियन थांबलं, फिडल थांबलं आणि ती फेरी माझ्याकडे आली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सुरावर वेळेवर गेले. किंवा मला हव्या त्या वेळी गेले, असं म्हणू या. एक जागा चुकलीही. पण थांबले नाही.

नंतर त्या कोटाची बटणं लावायचा प्रयत्न करत दाराशी उभ्या होत्या. मी पुढे होऊन बटणं लावून दिली. खिशात हात घातले नाहीत.

"ती वरची तार चुकीची लावली आहेस," त्या म्हणाल्या. "त्या सैनिकाने तुला खोलीबाहेर घालवलं असतं."

"हो, मला माहीत आहे."

"पण ते माझं नाही." आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या, एका हाताने कठडा धरून, सावकाश.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, मला तेच हवं होतं. पण अपराधीपण असं एका शाबासकीने उठून जात नाही. पुढच्या वर्षी गिझेलाबाईंचा आजार वाढला. त्यांचा मुलगा कासेलला राहतो, त्याने त्यांना आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं. घर विकलं गेलं, आम्हीही दुसरी वोनुंग, म्हणजे भाड्याची जागा, शोधली. जाताना त्यांनी स्टील गिटार बरोबर नेली. मला वाटलं होतं, मला देतील. मनातल्या मनात मी ती घरात कुठे ठेवायची हेही ठरवलं होतं, आणि त्याचीही मला शरम वाटली. "ही मी नेणार," त्या म्हणाल्या. "वाजवणार नाही. पण नेणार." मी मग दुसरी घेतली. बँड आजही आहे, हंगामातले काही शनिवार मी आजही वाजवते. फक्त त्या हॉलमध्ये बसून मासा मला खाववत नाही.

दोन वर्षांपूर्वी वसंतात मी इराला घेऊन कासेलला गेले. गिझेलाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, खूप बारीक झालेल्या. बोलणं हळू, पण तल्लख. आता दोन्ही हात थरथरत होते. इराने त्यांच्याशी शाळेबद्दल गप्पा मारल्या, मग ती बागेत गेली. मी नेहमीप्रमाणे सांगायला लागले की आता बँडमध्ये पूर्वीसारखी मजा नाही, लोक कमी येतात, तू होतीस तेव्हाची गोष्ट वेगळी.

त्यांनी मला मधेच थांबवलं. "तो पहिला हंगाम. तू वाजवायला लागलीस तो. तेव्हा तू सुखी होतीस का?"

माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं. कुठलीही सभ्य मराठी मुलगी जे म्हणेल ते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "फार."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"त्रास तर होतच होता," त्या म्हणाल्या. "पण हॉलमध्ये यायचं सोडल्यावर मी दर रविवारी वाट बघायचे, की तू खाली येशील आणि सांगशील. कोण आलं होतं, कोण कुणाबरोबर नाचलं, नॉर्बर्टने कुठे घाई केली. इतकी वर्षं ते शनिवार माझे होते. आणि तू यायचीस आणि म्हणायचीस, ठीक झालं. ठीक! वाद्य मी तुला वाजवायला दिलं होतं. शनिवारही तू ठेवून घेतलेस."

जिला मी इतकी वर्षं त्यांच्याबद्दलची हळहळ समजत होते, तिने त्यांना उपाशी ठेवलं होतं. मी त्यांच्यासमोर माझं सुख लपवलं, आणि तेवढंच त्यांना हवं होतं. याचं काय करायचं, माफी कशी मागायची? माफी तर त्यांना नकोच होती.

"आता सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मला वेळ आहे."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि सांगायला लागले. समोरून नाचत गेलेल्या त्या बाईने डोळे मिटले ते सांगितलं. त्यांनी विचारलं, कोणती बाई, हिरव्या स्वेटरची का? मी म्हटलं हो. "ती माझी पेशंट," त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी कधी डोळे मिटले नाहीत तिने," आणि खुदकन हसल्या. इरा बागेतून परत आली, आम्हाला बघून दारातच थांबली आणि मग पलंगाच्या कडेवर येऊन बसली. मी बोलत राहिले.